दोन सडं वासराची: नळदुर्ग, लोहारा आणि परत बार्शी

बार्शीहून मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात जाऊन गाय आणायची, हे आमच्या घरी होळीनंतरच्या आठवड्यात ठरलं आणि ठरल्यापासून मला एका जागी बसवेना. माझी थोरली लेक येसू बाळंतपणाला आली होती. बाळंतपण सुखरूप झालं, पण मागून तिला ताप आला आणि ताप गेला तो अंगावरचं दूध घेऊन गेला. नातू दीड महिन्याचा. शेजारच्या म्हशीचं दूध निम्मं पाणी घालून पाजत होतो, ते त्याला पचेना. पाय पोटाशी घेऊन रडायचा. वैद्य म्हणाले, गाईचं द्या, आणि रोज एकाच गाईचं द्या. बार्शीत गाईचं दूध मिळत नाही असं नाही, पण ते पाच ठिकाणचं एकत्र केलेलं, आणि त्यात आडाच्या पाण्याचा वाटा किती हे देणाऱ्यालाही सांगता यायचं नाही.

दुसरी गरज माझ्या मेव्हण्याची. किसन हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. गावाकडची आमची सात एकर जमीन तोच कसतो. मी जिनिंगच्या कारखान्यात तेलाची इंजिनं बघतो. ते काम मी शाळेत शिकलो नाही, इंजिनं उघडून शिकलो. किसनच्या जोडीतला एक बैल थकला आहे आणि त्याच्या जागी विकतचा न आणता घरी वाढवलेला बैल उभा करायचा, हा त्याचा हट्ट. तेव्हा बायको म्हणाली, दुधाची गाय आणा. किसन म्हणाला, पाठीशी गोऱ्हा असेल अशीच आणू, कालवड नको. आणि वैरण तर आणखी एकाच जनावरापुरती. म्हणजे दोघांची कामं एकाच गाईनं करायला हवीत.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या सोलापूर-बार्शीकडचा खिलार बैल दिसायला देखणा आणि पायाला चपळ, पण खिलार गाईचं दूध तिच्या वासरालाच जेमतेम. म्हैस दूध देते, पण रेडा आमच्या उन्हात औताला टिकत नाही. दूधही हवं आणि औतही हवं अशा लहान शेतकऱ्याला उरते ती देवणी. उदगीरकडच्या देवणी गावावरून हे नाव पडलं. लोहाऱ्याच्या बाजूला काही जण नुसतं डोंगरी म्हणतात. तिच्यात तीन रूपं आहेत आणि लोक ती एकमेकांत मिसळून सांगतात, म्हणून नीट देतो. अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या, ती वानेरा. वरून सगळी पांढरी, काळेपणा फक्त पोटाखाली, ती बालंक्या. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके वेडेवाकडे पसरलेले, ती शेवेरा. कपाळ तिघींचं पुढं आलेलं, कान लांब आणि लोंबते, गळ्याखालची पोळी सैल. जो दलाल या तिघींना एकच नाव देईल त्याच्यासमोरून सरळ उठावं.

मी आणि किसन रेल्वेनं कुर्डुवाडीवरून सोलापूर गाठलं आणि तिथून नळदुर्गाकडं जाणारी मोटार धरली. धरली म्हणजे तिच्यात जाऊन बसलो. मोटार भरल्याशिवाय सुटत नाही. लढाई संपली तरी पेट्रोल मोजूनच मिळतं, म्हणून मालक शेवटची जागा भरेपर्यंत सावलीत पान लावत बसतो. मला काही बसवेना. मी खाली उतरून चाकं बघितली, रेडिएटरमधलं पाणी बघितलं, ड्रायव्हरला पट्टा सैल असल्याचं सांगितलं. किसन खिडकीतून म्हणाला, "दाजी, बसा की आता. तुमच्या येरझाऱ्यांनी मोटार भरत न्हाय."

हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागतो. सगळ्यांना उतरवतात, गाठोडी उघडायला लावतात. आमच्याकडं भाकऱ्या, घोंगडी आणि कोरं दावं एवढंच. दाव्याकडं बोट दाखवून नाक्यावरचा कारकून, मोहरीर, म्हणाला, "जनावर आणायला चाललात, तर परत जाताना पावती करून घ्या, मग कटकट नाही." सल्ला चांगला होता, तो तुम्हीही लक्षात ठेवा. आणखी एक. पलीकडं निजामाचा हाली सिक्का चालतो. आपला कलदार रुपया कोणीही आनंदानं घेतो, पण बट्टा आपल्या मनाचा लावतो. तेव्हा मोड सोलापुरातच ओळखीच्या पेढीवर करून घ्यावी.

नळदुर्गात उतरलो तर समोर किल्ला. बोरी नदी अडवून बंधारा घातलाय आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधलाय. पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी कोसळतं म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा चैत्र, सगळं कोरडं. किसनला आत जायचं होतं. मी त्याला म्हटलं, जाऊन ये, मी बाजार बघतो. तो गेला आणि लगेच परत आला, कारण मला एकट्याला दलालांच्यात सोडायची त्याची तयारी नव्हती. माझ्या मते गरज नव्हती. तुम्ही मात्र पावसाळ्याच्या शेवटी जा आणि किल्ल्यासाठी सबंध दिवस ठेवा.

बाजारात गायी बऱ्याच होत्या. एक वानेरा मला लांबूनच आवडली. काळं तोंड रेखीव, शेपटीचा गोंडा काळाभोर, आणि कास एवढी मोठी की मागचे पाय फाकवून उभी. दलालानं किसनचा हात उपरण्याखाली घेऊन बोटांनी भाव सांगायला सुरुवातही केली. मी खाली वाकून बघितलं. कास दगडासारखी तट्ट, सडांतून थेंब गळत होते, आणि वासरू तोंडाला मुसकी बांधून पार तिकडं चिंचेखाली. मी म्हटलं, हिची कालपासून धार काढलेली नाही. कास मोठी नाही, तुंबवलेली आहे. दलालाला राग आला नाही. उपरणं झटकत तो म्हणाला, "मास्तर, गाय घ्यायला आलाव का शाळा तपासाया?" भोवतीची माणसं हसली. मी मास्तर नाही हे त्याला सांगितलं, पण ते कोणी ऐकलं नाही.

दुपारपर्यंत आणखी सात-आठ गायी बघून झाल्या. एक भाकड निघाली, एक मारकी, दोघींच्या पाठीशी कालवडी. ऊन चढलं तशी माझी घालमेल वाढली. तिकडं पोर म्हशीच्या दुधावर आहे आणि इथं मी जनावरांचे दात मोजतोय. शेवटी किसननं मला ओढून खानावळीत नेलं. ज्वारीची भाकरी, येसर घातलेली झणझणीत आमटी आणि कांदा. पोटभर जेवण, आणि दरही बेताचा.

शेजारी पेंडीचे एक व्यापारी जेवत होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलण्यात मराठी आणि कानडी एकत्र. आम्ही काय शोधतोय ते त्यांनी ऐकलं होतंच. म्हणाले, "बाजारात येती ती गाय कुनाला तरी नकोशी झालेली असती. का नकोशी, ते तुमाला घरी गेल्यावर कळतं." मग त्यांनी सांगितलं की त्यांची थोरली बहीण लोहाऱ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात दिलेली आहे. तिच्या दोन गायी एकाच महिन्यात व्याल्या आणि कडबा एकीपुरताच राहिलाय. दुसरी ती काढणार, पण माणूस बघून. "नागव्वा म्हनत्यात तिला. तिला घाई दाखवू नका," ते म्हणाले, आणि माझ्या हलणाऱ्या पायाकडं बघितलं.

त्यांच्या पेंडीच्या गाडीतूनच आम्ही निघालो. नळदुर्ग सोडलं की रस्ता माळामाळानं जातो. मुरूम, मधूनच काळ्या रानाचा पट्टा, ज्वारी काढून झालेली, उभी धसकटं. सावली म्हणजे लांबलांब उभे असलेले लिंब. पाणी बरोबर ठेवा. विहिरी आहेत, पण रस्त्यापासून आत. गाडी अशी रमत चालली होती की मी खाली उतरून पुढं चालत जायचो, आणि पुढं गेल्यावर गाडीची वाट बघत उभा राहायचो. किसन पेंडीच्या पोत्यांवर निजला.

गावात पोचलो ते दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना. नागव्वांचं घर गावाच्या कडेला, पुढं मोठं अंगण, बाजूला गोठा. बाई साठीच्या, अंगानं काटक, गळ्यात लिंग, कपाळावर भस्म. मुलगा मल्लप्पा शेत बघतो. पण गोठ्यातलं काही विचारलं की तो आईकडं बघतो. आम्हाला कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि ताक मिळालं. भावाचं नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, खाऊन घ्या, मग धार बघा.

विकायची गाय शेवेरा होती, तिसऱ्या वेताची. पाठीशी महिन्याचा गोऱ्हा, आईसारखाच ठिपक्यांचा, कान गालांवर लोंबणारे. नागव्वांनी "बा" म्हटलं आणि गाय कानडी समजल्यासारखी चालत पुढं आली. मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. दात बघितले, खूर उचलून बघितले, पाठीचा कणा बोटानं चाचपला. एकही खोट सापडेना. किसन माझ्या कानाशी पुटपुटला की इंजिन नाही घ्यायचं आपल्याला, पुरे आता.

नागव्वांनी गोऱ्हा सोडला. त्यानं ढुशा दिल्या, गाय पान्हावली. मग त्याला डाव्या अंगाला लावून त्या स्वतः उजवीकडं बसल्या. उजवीकडची पुढची-मागची अशी दोन सडं काढली, फेसानं भरलेलं भांडं उचललं आणि उठल्या. मी म्हटलं, अव्वा, त्या बाजूची दोन राहिली.

"ती त्याची," त्या म्हणाल्या. मग भांडं झाकून माझ्याकडं वळल्या. "तुमच्यात धार कोन काढतं?"

"माझी बायको."

"किती सडं काढती?"

किसन मध्येच बोलला, "दोनच, अव्वा. आमच्यात बी दोनच."

"तुला न्हाय इचारलं."

खोटं बोलणं मला जमत नाही, आणि त्या बाईंसमोर तर जमलंच नसतं. मी सांगून टाकलं. घरी दीड महिन्याचा नातू आहे, आईच्या अंगावर दूध नाही, त्याच्यासाठीच आलोय. लागलं तर चारही सडं काढू.

"मग ही गाय तुमची न्हवं," नागव्वा म्हणाल्या. रागावल्या नाहीत. भांडं घेऊन आत गेल्या.

मल्लप्पानं आम्हाला मठापर्यंत सोडलं. या बाजूच्या बऱ्याच गावांत मठ आहेत आणि वाटसरूला तिथं उतरायला मिळतं. हे प्रवाशांनी ध्यानात ठेवावं. जाताना त्यानं समजावलं. हा नियम त्याच्या आजापासूनचा. उजवी दोन घराची, डावी दोन वासराची, गोऱ्हा चरायला लागेपर्यंत. वासराला नुसती शेवटची चोखणी ठेवली की त्याचं पोट सुटतं आणि खांदा भरत नाही. मग लोक म्हणतात देवणीचा बैल बारका निघतो. या घरचा गोऱ्हा कुठंही गेला तरी या घरचा म्हणून ओळखला जातो, आणि तो बारका निघालेला आईला चालत नाही.

मठाच्या ओट्यावर किसननं मला धारेवर धरलं. "दाजी, व्हय म्हनून टाकायचं. लोहाऱ्याहून बार्शीला कोन येतंय सडं मोजाया?"

मी म्हटलं, कोणी येत नाही म्हणूनच म्हणता येत नाही.

"मग पोराला काय शब्द पाजनार का?"

मी घोंगडी ओढून आडवा झालो. सकाळी मी त्याला उठवलं आणि आसपासच्या वस्त्या पायांखाली घातल्या. एक बालंक्या मिळाली, दूध बरं, पण पाठीशी कालवड. एक वानेरा, तिचं मागचं एक सड आंधळं, म्हणजे त्यातून दूधच नाही. प्रत्येक गोठ्यातून बाहेर पडताना मला वाटायचं, हीच घ्यावी आणि निघावं. आणि किसन, ज्यानं रात्री मला खोटं बोलायचा सल्ला दिला होता, तोच प्रत्येक वेळी नाही म्हणून मान हलवायचा. तो गोऱ्हा त्याच्या मनात बसला होता. ऊन तापलं तसे आम्ही एकमेकांशी न बोलता परत नागव्वांच्या अंगणात येऊन उभे राहिलो.

त्या शेणी लावत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "लेकरू किती पितं?"

मी सांगितलं, दिवसाला अर्धा शेर, पाणी घालून.

"आन त्याच्या आईला?"

वैद्यांनी शेरभर तरी द्या म्हटलंय, मी म्हणालो.

"त्ये समदं दोन सडांत भागतंय. मग ऱ्हायलेली दोन कुनाला?"

"घराला," मी म्हणालो.

"घर म्हंजे कोन?"

घर म्हणजे दही, तूप, आल्यागेल्याचा पाहुणचार, आणि उरलं तर कारखान्यातल्या हेडक्लार्कांकडं रतीब; हे सगळं मी वाटेत मनातल्या मनात लावून ठेवलं होतं. त्यातलं एकही त्या अंगणात उच्चारण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, ठीक आहे अव्वा, डावी दोन त्याची.

त्यांनी हात धुतले, गाईच्या कपाळाला विभूती लावली आणि मला तिच्या पाठीवर तळवा ठेवायला सांगितलं. वासरू चरायला लागेपर्यंत डाव्या अंगाची धार काढणार नाही, हे मी मोठ्यानं बोललो. तेव्हा कुठं मल्लप्पानं किमतीचा विषय काढला, आणि ती दोन वाक्यांत ठरली. नागव्वांनी आपलं दावं सोडून घेतलं. जनावर जातं, दावं घरात राहतं, अशी इकडची रीत. म्हणून कोरं दावं घेऊनच जावं. किसननं आमचं बांधलं. त्यांनी गाईला अर्धी भाकरी चारली आणि आम्ही वेशीपर्यंत पोचायच्या आत दार लावून घेतलं.

परतीची वाट आम्ही बेंबळी आणि धाराशिववरून घेतली. कागदावर उस्मानाबाद, माणसांच्या तोंडी धाराशिव. महिन्याचं वासरू एवढं चालणार नाही, म्हणून बेंबळीपर्यंत गाडी ठरवली. गोऱ्हा कडब्यावर, गाय मागं बांधलेली, आणि तिच्या मागं मी. गाडी थोडी पुढं सरकली की गाय हंबरायची, गोऱ्हा उत्तर द्यायचा, गाडीवान बैल थांबवायचा. गाय येऊन त्याला हुंगायची. मग पुढं. याहून हळू प्रवास मी आयुष्यात केलेला नाही. रान काळं, सपाट, नदीच्या पात्रात डबकी. हा रस्ता घाईच्या माणसासाठी नाही, एवढं मी लिहून ठेवतो.

पहिल्या दिवशी गाईनं दूध दिलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते वर चढवलं. किसन धारेला बसला तर तांब्याच्या बुडापुरतं. तिसऱ्या दिवशी बेंबळीत तेवढंही नाही. गोऱ्हा चोखत होता, पण त्याच्याही तोंडाला फेस येत नव्हता. रिकाम्या कासेची गाय घेऊन दारात जायचं का? मी म्हटलं, आजच पुढं निघू, लवकर घरी पोचवू. किसन रस्त्याच्या मधोमध मांडी घालून बसला. "ती चालून चालून आटलीया दाजी, आन तुमी आनखी चालवा म्हनताय. म्या उठत न्हाय."

गाडीवान हसत होता. मी थोडं पुढं जाऊन मागं वळून बघितलं; किसन तसाच बसलेला, आणि त्याच्या मागं गायही बसलेली. तेव्हा मुक्काम केला. एका शेतकऱ्यानं विहिरीजवळ लिंबाखाली जागा दिली, करडीची पेंड दिली. त्याचं इंजिन बरेच दिवस बंद होतं. मला नुसतं बसणं शक्यच नव्हतं, मी ते उघडलं. झडपेत काजळी साचली होती. संध्याकाळपर्यंत पाणी पाटात पडायला लागलं. त्या माणसानं पुढच्या वाटेला आपली गाडी दिली, त्यामुळं वासराचा प्रश्न पार बार्शीपर्यंत सुटला.

धाराशिवात मी काहीच बघितलं नाही, त्यामुळं काही सांगत नाही. येडशीला रेल्वे आहे, पण गाईसाठी वाघीण, म्हणजे मालडबा, मिळायला थांबावं लागेल असं कळलं, आणि थांबणं हा शब्द मला ऐकवत नव्हता. येडशीजवळ रामलिंगाच्या झाडीतून उतरताना मात्र पहिल्यांदा गार वारा लागला. माकडांनी गाडीतला कडबा ओढला. गोऱ्हा उभा राहून त्यांच्याकडं बघत राहिला. नाक्यावर पावती करून घेतली आणि बार्शीच्या हद्दीत आलो.

घरी बायकोनं गाईच्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, भाकरी चारली. येसू पोराला घेऊन दारात उभी. तो कुरकुरत होता. संध्याकाळी बायको धारेला बसली. गोऱ्ह्याला डावीकडं लावलं, तिनं उजवी दोन सडं काढली. वाटेतल्यापेक्षा बरं, पण फार नाही, तांब्या निम्मा. गोऱ्ह्याला बाजूला सारून तिनं डावीकडं हात घातला.

मी म्हटलं, तिकडची नको, आणि सगळं सांगितलं. नागव्वा, विभूती, पाठीवरचा हात. बोलताना ते मला लोहाऱ्याला वाटलं होतं तेवढं सोपं वाटेना.

तिनं ऐकून घेतलं. "शब्द कुनी दिला?"

"मी."

"आन धार कोन काढतं?"

किसन जमिनीकडं बघायला लागला. मीही. आम्ही दोघं गडी एवढ्या लांब गेलो, खूर उचलून बघितले, दात मोजले, आणि जिच्या हातात ती सडं रोज असणार तिला कोणी विचारलंच नव्हतं. बायको तशीच उकिडवी बसून होती. गोऱ्ह्यानं तिच्या कोपराला ढुशी दिली. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग दारातल्या पोराकडं. हात काढून घेतला आणि गोऱ्हा सोडला.

दूध तापवून, गाळून तिनं त्यातलं बोंडल्यानं पोराला पाजलं. उरलेलं येसूला दिलं, समोर बसून संपवायला लावलं. सकाळी माझ्यापुढं चहा आला तो काळा. दह्याचं गाडगं फळीवर पालथं घातलेलं. मी विचारलं तर म्हणाली, "तुमी वासराला दिलं, म्या लेकराला दिलं. चहाला कुनी शब्द दिला न्हवता."

त्याला आता दोन महिने होत आले. गाय रुळली, दूध वाढलं. ते वाढलेलंही येसूकडंच जातं. तिच्या गालांवर जरा रंग आलाय. पोर पाय ताणून झोपतं. गोऱ्ह्याची पाठ भरली आहे आणि किसन कारण नसताना गावाकडून येऊन त्याचा खांदा चाचपून जातो. मी कारखान्यात जायच्या आधी गोठ्यात उभा राहतो आणि धार होईपर्यंत हलत नाही. डावीकडं चुकून हात गेला तर, असं अजून वाटतं. तो कधी गेलेला नाही. हेडक्लार्क रतिबाचं विचारतात, मी इंजिनाचं सांगतो.

ही हकीकत ऐकून ओळखीचे दोघं-तिघं त्या बाजूला जायचं म्हणतात. रस्ता, नाका, सिक्का, दावं, मठ, सगळं वर दिलं आहे. एक राहिलं ते देतो. घरी जे माणूस धारेला बसतं त्याला बरोबर न्या.

परवा बायको म्हणाली, त्या अव्वाला मला एकदा बघायचंय. मी विचारलं, कशाला.

"तिच्या चहात दूध असतं का, त्ये बघाया."

पेरण्या उरकल्या की तिला नेणार आहे.